वर्गशिक्षिका गप्प का राहिल्या?

"व्याख्याने झाली, मुलांनी प्रतिज्ञा घेतली, तरी व्यसनप्रतिबंधाच्या कामात शिक्षक आपणहून पुढे येत नाहीत, काय करावे?" असे मुख्याध्यापक मला नेहमी विचारतात. तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेचा अनुभव, ओळख पटू नये इतपत बदल करून, येथे सांगते.

नववीतला एक मुलगा पंक्चरचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगत असे. मुख्याध्यापिकांना हे कळले, त्याच्या बरेच आधी वर्गशिक्षिकेला त्याची कुणकुण लागली होती. त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलल्यावर उलगडा झाला. आदल्या वर्षी एका सहकाऱ्याने असेच प्रकरण पुढे आणले, तेव्हा त्या मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडला आणि पालकांचा रोष त्या शिक्षकाला एकट्याने सोसावा लागला. बाईंच्या मौनामागे ही धास्ती होती.

2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात एक टक्क्याहून अधिक आढळले होते. कपड्यांना येणारा रासायनिक वास, नाकातोंडाभोवतीचे पुरळ या खुणा रोज वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाच्याच नजरेस आधी पडतात.

मी मुख्याध्यापिकांना प्रथम लेखी हमी देण्यास सुचवले. व्यसन उघड झाले म्हणून दाखला दिला जाणार नाही, पालकांच्या भेटीत त्या स्वतः बसतील आणि या कामासाठी वेळापत्रकातच तासिका मोकळ्या ठेवल्या जातील, असे परिपत्रक त्यांनी संस्थाचालकांच्या संमतीने काढले. त्यानंतर क्रीडाशिक्षकांनी शाळेपासून शंभर यार्डांच्या आत होणाऱ्या, 2003 च्या कायद्याने मनाई असलेल्या तंबाखूविक्रीचा पाठपुरावा अंगावर घेतला. एक ज्येष्ठ सर मात्र म्हणाले, "मीच तंबाखू खातो, मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?" मुख्याध्यापिकांनी त्यांना वगळले नाही, तंबाखू सोडताना होणारी ओढाताण वर्गात मोकळेपणाने सांगण्याची मुभा दिली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे दोन मुलांनी आपण मावा खातो हे त्याच सरांना येऊन सांगितले.

वर्गशिक्षिकेने त्या मुलाशी बोलण्याची जबाबदारी मागून घेतली. थेट आरोपाने सुरुवात न करता झोप, डबा, घरचे वातावरण यांवरून बोलण्याचा सराव आम्ही एकत्र केला. पालकांसोबत त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नेण्यात आले; तो शाळेत येतो आहे आणि उपचार चालू आहेत. अशा मुलांच्या गोपनीय नोंदी कोणी व कोठे ठेवाव्यात, यावर शिक्षकांची चर्चा अजून सुरू आहे.