'लाफ्ड ॲट बाय': पॅसिव्हमध्ये फ्रेजल व्हर्बचं शेपूट का तोडायचं नाही

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीवन' आणि 'द बॉय वॉज लुक्ड बाय हिज आंट' ही तुमची दोन वाक्यं चूक का, 'ॲट' आणि 'बाय' असे दोन शब्द शेजारी-शेजारी चालतात का, आणि 'द प्लेन टुक ऑफ' या वाक्याचं पॅसिव्ह का होत नाही. फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याचा अर्थ पूर्ण करणारा 'ऑफ', 'ॲट'सारखा छोटा शब्द; हा छोटा शब्द म्हणजेच त्याचं शेपूट. व्याकरणाच्या पुस्तकात या सगळ्याचे नियम सापडतील, पण मराठीच्या वाटेने गेलं तर हे लवकर पटतं आणि पटलं की विसरत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

'त्यांनी बैठक पुढे ढकलली' हे वाक्य घ्या. हीच बातमी 'त्यांनी' गाळून द्यायची तर आपण 'बैठक पुढे ढकलण्यात आली' असं म्हणतो. 'बैठक ढकलण्यात आली' असं कोणीही लिहिणार नाही, कारण 'पुढे ढकलणे' हे आपल्या मनात एकच क्रियापद आहे. 'पुढे' काढला तर अर्थच कोसळतो. इंग्रजी 'पुट ऑफ' तंतोतंत असंच वागतं. 'दे पुट ऑफ द मीटिंग' याचं 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' होतं. 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ', 'हिज रिक्वेस्ट वॉज टर्न्ड डाउन', 'द रिपेअर्स वर कॅरीड आउट' ही सगळी याच घरातली. अशा क्रियापदांत मराठी माणूस फारसा चुकत नाही, कारण ही सवय त्याला मुळातच असते.

चूक होते ती दुसऱ्या जातीत, आणि तुमची वाक्यं त्याच जातीची आहेत.

'सगळे त्याच्यावर हसले' या वाक्यात 'वर' कोणाला चिकटलाय ते बघा. तो 'हसले'ला नाही, 'त्याच्या'ला चिकटलाय. वाक्य कसंही फिरवलं, 'त्याच्यावर सगळे हसले' म्हटलं किंवा 'हसले सगळे त्याच्यावर' म्हटलं, तरी 'वर' त्याचा हात सोडत नाही. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामाबरोबर प्रवास करतात. इंग्रजीत उलट आहे. 'एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम' याचं पॅसिव्ह करताना 'हिम' एकटाच उठून पुढे जातो आणि 'ही' होतो. 'ॲट' मागे क्रियापदापाशीच राहतो: 'ही वॉज लाफ्ड ॲट.' आपलं मन मात्र 'ही' पुढे गेला म्हणजे 'वर'सुद्धा त्याच्याबरोबर गेला असं धरून चालतं, आणि 'ॲट' वाटेत हरवतो. म्हणून ही चूक आळसाची नाही. मराठीची पक्की सवय तिच्यामागे आहे, आणि ते कळलं की ती सुधारणं सोपं जातं.

आता 'ॲट बाय'चा प्रश्न आपोआप सुटतो. हे दोन शब्द शेजारी असले तरी एकमेकांचे कोणी नाहीत. 'ॲट' आधीच्या 'लाफ्ड'चा आहे आणि 'बाय' नंतरच्या 'एव्हरीवन'चा. वाचताना 'ही वॉज लाफ्ड ॲट' इथे किंचित थांबा, मग 'बाय एव्हरीवन' म्हणा. उच्चारातही फरक पडतो. 'लुक ॲट मी' म्हणताना 'ॲट' घाईत जवळजवळ 'अट' होतो, पण मागे एकटा उरलेला 'ॲट' पूर्ण, स्पष्ट उच्चारला जातो. कधी तीन शब्दही रांगेत येतात. 'शी वॉज लुक्ड डाउन ऑन बाय हर कलीग्ज' हे व्याकरणाने निर्दोष आहे. पण मी स्वतः लिहिताना शक्य असेल तिथे 'बाय'चा भाग गाळतो किंवा सरळ ॲक्टिव्ह वाक्य करतो, कारण वाचणाऱ्याला दम लागतो. कर्ता सांगायची गरजच नसेल तर पॅसिव्ह खुलतं: 'द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ', म्हणजे जुना नियम रद्द झाला.

एक दिलासा. ॲक्टिव्हमध्ये 'पुट इट ऑफ' म्हणायचं पण 'लुक आफ्टर इट' म्हणायचं, हा तोडता येणाऱ्या आणि न येणाऱ्या क्रियापदांचा ताप असतो ना? तो पॅसिव्हमध्ये उरत नाही. मधे येणारं कर्मच पुढे निघून गेलेलं असतं, त्यामुळे दोन्ही जाती सारख्याच दिसतात: 'वॉज पुट ऑफ', 'वॉज लुक्ड आफ्टर'. काळ बदलला तरी फक्त 'बी'चं रूप बदलतं: 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू', 'द मॅच हॅज बीन कॉल्ड ऑफ'.

विमानाचं उत्तर छोटं आहे. 'टेक ऑफ'चा अर्थ 'उडणे' असतो तेव्हा ते अकर्मक आहे, आणि कर्मच नाही तर पुढे आणायचं काय? पण त्याच दोन शब्दांचा अर्थ 'अंगातून काढणे' असेल तर 'हिज वेट कोट वॉज टेकन ऑफ' चालतं. तसंच गाडी बंद पडली हे सांगायला 'द कार ब्रोक डाउन', पण दार फोडलं गेलं तर 'द डोअर वॉज ब्रोकन डाउन'. म्हणून 'या क्रियापदांचं पॅसिव्ह होत नाही' अशा याद्या पाठ करू नका. अर्थ तपासा.

खरी अवघड जागा पुढे आहे. काही क्रियापदांना कर्म असूनही पॅसिव्ह नकोसं वाटतं. 'ही टेक्स आफ्टर हिज फादर', म्हणजे तो वडिलांवर गेलाय. याचं 'हिज फादर इज टेकन आफ्टर बाय हिम' होत नाही. 'मला जुना मित्र अचानक भेटला' या अर्थाच्या 'रन इंटू'चंही होत नाही. का? मुलगा वडिलांवर गेला म्हणून वडिलांचं काही बदलत नाही. पॅसिव्ह वाक्यात पुढे येण्यासाठी त्या वस्तूवर किंवा माणसावर क्रियेचा काहीतरी परिणाम व्हावा लागतो. 'धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन' हे वाक्य चालतं, कारण चादर विस्कटलेली दिसते. 'अ डिसिजन वॉज अराइव्ह्ड ॲट' उत्तम इंग्रजी आहे, कारण निर्णय त्या क्रियेतून घडला. 'द स्टेशन वॉज अराइव्ह्ड ॲट' मात्र कानाला खटकतं, कोणीतरी पोचल्याने स्टेशनाला काय फरक पडतो? हा कल आहे, कडक कायदा नव्हे, पण मला यानेच सर्वात जास्त मदत झाली आहे.

जाता जाता, इंग्रजी पॅसिव्ह म्हणजे आपल्या शाळेतला कर्मणी प्रयोग असं समीकरण मांडू नका. 'त्याने पत्र लिहिलं' हा आपल्याकडे कर्मणी, पण इंग्रजीत ते साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे. पॅसिव्हची जवळची जुळणी 'लिहिलं गेलं', 'लिहिण्यात आलं' यांच्याशी आहे. या गोंधळामुळे हुशार विद्यार्थीही अडकलेले मी पाहिले आहेत.

'टेक केअर ऑफ'सारख्या नाम पोटात असलेल्या क्रियापदांना दोन पॅसिव्ह असतात: 'द चिल्ड्रन वर टेकन गुड केअर ऑफ' आणि 'गुड केअर वॉज टेकन ऑफ द चिल्ड्रन'. दोन्हींत 'ऑफ' शाबूत आहे.

शंका आली तर पॅसिव्ह वाक्य उलटं फिरवून ॲक्टिव्ह करून बघा. तुमच्या पहिल्या वाक्याचं 'एव्हरीवन लाफ्ड हिम' होतं, आणि तिथे काहीतरी गळालंय हे लगेच कळतं. तुमच्या दुसऱ्या वाक्याचं, 'द बॉय वॉज लुक्ड बाय हिज आंट' याचं, 'हिज आंट लुक्ड द बॉय' होतं. इथे तर आणखी पंचाईत आहे. मावशीने त्याच्याकडे पाहिलं तर 'लुक्ड ॲट', सांभाळलं तर 'लुक्ड आफ्टर', तुच्छ लेखलं तर 'लुक्ड डाउन ऑन'. तुम्हाला 'सांभाळलं' म्हणायचं होतं, तेव्हा वाक्य असं होईल: 'द बॉय वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आंट.'