कोंडा, माक्याचे तेल आणि शिकेकाई

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या डोक्यात फार कोंडा होतो व खाज सुटते. रात्री माक्याचे तेल लावून सकाळी शिकेकाईने न्हावे, असा सासूबाईंचा आग्रह आहे. तेलाने कोंडा वाढतो, असे मुलगी म्हणते. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तेलाच्या बाबतीत मुलीचे आणि शिकेकाईच्या बाबतीत सासूबाईंचे ऐकावे. कोंडा म्हणजे कोरडी पडलेली त्वचा, असे समजून आपण डोक्यावर तेल थापत राहतो. पण कोंड्याशी संबंध असलेली मॅलेसेझिया ही बुरशी बहुतेक सर्वांच्याच डोक्यावर असते आणि ती त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवरच जगते. रात्रभर मुरवलेले तेल, मग ते माक्याचे असो वा साधे खोबरेल, तिला आयते खाद्य पुरवते. त्यामुळे कोंडा आटोक्यात येईपर्यंत केसांच्या मुळांशी तेल लावू नये. टोके रुक्ष होत असतील, तर न्हाण्याआधी अर्धा तास तेवढ्यांनाच खोबरेल लावावे.

शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, तसा यांचा बसत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र कोरडी पूड थेट डोक्यावर चोळू नये. मूठभर शेंगा, बिया काढलेले दोन-तीन रिठे आणि चमचाभर मेथी रात्री भिजत घालावी. सकाळी मंद आचेवर उकळून, निवल्यावर हाताने कुस्करून, ते तपकिरी, बुळबुळीत पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्यावे, कारण चोथा राहिला तर तो केसांत अडकतो आणि वाळल्यावर हुबेहूब कोंड्यासारखा दिसतो. न्हाताना डोळे घट्ट मिटून घेण्यास मुलीला अवश्य सांगावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की फार झोंबते. खाजवून नख लागलेले असेल, तर ती जागा बरी होईपर्यंत रिठा वगळावा.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळकळीने सांगावीशी वाटते : शिकेकाईने डोके स्वच्छ होते, पण बुरशीवरचे औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा भुवयांत व कानांमागे लालसर खपल्या दिसू लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यांनी कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू दिल्यास तो लावून लगेच धुऊन टाकू नये. तीन ते पाच मिनिटे डोक्यावर राहू द्यावा.