४२९४९६७२९७ या संख्येत एवढं विशेष काय आहे?

ही संख्या, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, २^३२ (२चा ३२वा घात) मध्ये १ मिळवून तयार होते. मला ती फार आवडते. तिचा सर्वांत मोलाचा गुणधर्म हा, की ती मूळ संख्या नाही.

सतराव्या शतकात गणितज्ञ पिएर द फर्मा यांची खात्री होती, की २चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत नेला आणि प्रत्येक वेळी १ मिळवला, तर मूळ संख्याच मिळत राहतील. ३ (२^१ + १), ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. त्यापुढची तुमची. १७३२ साली गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी तिचे अवयव दाखवले: ६४१ × ६७००४१७.

ऑयलर यांनीच पुढे सिद्ध केलं, की हिचा प्रत्येक मूळ विभाजक ६४च्या पटीपेक्षा १ने जास्त असतो. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१!

भागाकार न करताही हे पटवता येतं, आणि ही सिद्धता वहीत स्वतः लिहून पाहाच. ६४१ = ५ × २^७ + १. म्हणून ५ × २^७ ही ६४१पेक्षा १ने कमी, म्हणजे तिला ६४१ने भागल्यास बाकी −१ धरता येते. चौथा घात घेतला, की ५^४ × २^२८ ची बाकी १. आता दुसरीकडून पाहा: ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. मग −२^३२ ची बाकी १ येते, अर्थात २^३२ + १ ला ६४१ने पूर्ण भाग जातो. दहा अंकी संख्येचा निकाल चार ओळींत!

हिची आणखी एक बाजू: ती दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते, ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². विषम मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, त्यामुळे एवढ्यावरूनही ती संयुक्त ठरते.

फर्मा यांच्याच प्रसिद्ध प्रमेयानुसार, p ही विषम मूळ संख्या असेल तर २^(p−१) ला p ने भागून बाकी १ उरते. तुमची संख्या संयुक्त असूनही या कसोटीत उत्तीर्ण होते. २च्या जागी ३ घेतला, की मात्र बाकी १ येत नाही.

या संख्येतून २ वजा केले, तर ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. त्या पाच मूळ संख्यांचाच हा गुणाकार! गणितज्ञ गाउस यांच्या कामामुळे इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपास वापरून तत्त्वतः काढता येते. ६५५३७ नंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही, म्हणून विषम बाजूंची याहून मोठी अशी आकृती कुणालाच ठाऊक नाही.