फ्रिजमध्ये दूध, कोथिंबीर आणि उरलेले अन्न नेमके कुठे ठेवावे?

दारातल्या कप्प्यात ठेवलेले दूध लवकर नासते आणि कोथिंबीर दोन-चार दिवसांत पिवळी पडते, या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा जागेच्या निवडीत असते. दार उघडताच बाहेरची उष्ण हवा सर्वांत आधी तिथल्या कप्प्यांना लागते, त्यामुळे तिथे लोणचे, सॉस आणि पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात व दुधाचे पातेले आतल्या फळीवर मागे सरकवावे. आतले तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.

कोथिंबिरीची जुडी मात्र निगुतीने ठेवावी लागते. मुळे कापून, पिवळी पाने काढून, न धुता ती कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावी आणि डब्यात घालून भाजीच्या खणात ठेवावी. धुतलीच असेल, तर आधी पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी. त्याच खणात सफरचंदे किंवा पिकलेले आंबे नकोत, कारण त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात. कांदे-बटाट्यांना तर फ्रिजमध्ये थाराच देऊ नये.

उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात झाकून ठेवावा, कारण शिजवल्यावरही तगून राहणारे बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू उबदार भातात रुजतात आणि त्या जिवाणूंनी भातात सोडलेले उलटीकारक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. कच्ची मासळी सर्वांत खालच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रिज काठोकाठ भरण्याचा सोस आपल्याकडे फार. डब्यांमधून हवा खेळली नाही, तर मागचे दही गोठते आणि पुढची आमटी आंबते.