तीन महिन्यांची शुगर चांगली, मग पडद्यावर ठिपके कसे?

प्रश्न : वय ५२, मधुमेह ११ वर्षांपासून. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) कित्येक वर्षे नऊच्या वर होता, औषधे बदलल्यावर पाच महिन्यांत ६.८ वर आला. नजर साफ आहे. तरी डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) बारीक फुगवटे दिसतात. चूक लॅबची की डॉक्टरांची? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कोणाचीच नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर चिकटलेली साखर एचबीए१सी मोजतो. म्हणजे हिशेब फार तर तीन महिन्यांचा. पडद्यावर मात्र अकरा वर्षांची थकबाकी आहे. तिथल्या केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेशी जास्त साखरेने मरतात, आधार गेलेली भिंत फुगते आणि तपासताना टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसतो. हाच मायक्रोअ‍ॅन्युरिझम. मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, सूज येईपर्यंत नजरेला काही कळत नाही. तेव्हा ‘मला नीट दिसतं’ हा पुरावा धरू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. शुगर झपाट्याने उतरली की पडद्याचा आजार आधी थोडा वाढू शकतो. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासात हे दिसले. त्याच अभ्यासात, सुरुवातीला पडदा निरोगी असलेल्यांमध्ये, काटेकोर नियंत्रणाने नवा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. म्हणून औषधे सैल करू नका. पुढची तपासणी वर्षभराने न करता किती महिन्यांनी करायची, हे मात्र डॉक्टरांना विचारा. नऊवरून पाच महिन्यांत ६.८ झाला, हे त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न : मला सिकलसेल आजार आहे. एचबीए१सी ५.९, पण घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी १६० ते १७०. कशावर विश्वास ठेवू? (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : ग्लुकोमीटरवर. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसते वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेले) असाल तर पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, पण काही यंत्रपद्धती वेगळ्या हिमोग्लोबिनमुळे गडबडतात. लॅबला आधी कल्पना द्या. लोहाच्या कमतरतेत उलटे, आकडा फुगतो. पर्याय फ्रुक्टोसामाइन या रक्तचाचणीचा, तो दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देतो. लघवीतून प्रथिने जाऊन रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटले असेल तर तोही फसतो. तुमच्या बाबतीत पडदा तपासणे दुप्पट गरजेचे, कारण सिकलसेलही पडद्याच्या वाहिन्या बंद पाडतो.

प्रश्न : लघवीची तपासणी डोळ्यांसाठी का सांगतात?

उत्तर : मूत्रपिंड आणि पडदा, दोन्हीकडे बारीक वाहिन्याच बिघडतात. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या वर (मिलिग्रॅम प्रतिग्रॅम) म्हणजे इशारा. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यानेही ते वाढते. म्हणून सकाळची पहिली लघवी द्या, आणि तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच खरे माना. नॉर्मल आले म्हणून डोळे सुटले असे नाही.

प्रश्न : ‘डोळ्यांचे बायोमार्कर’ म्हणून रक्तातील व्हीईजीएफ तपासू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे वाचवा. रक्तपुरवठा कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ हे नव्या वाहिन्या वाढवणारे प्रथिन डोळ्यातच तयार करतो, ते अडवण्यावरच डोळ्यातली इंजेक्शने बेतलेली आहेत. पण दंडातून घेतलेले रक्त गोठताना प्लेटलेट्सही व्हीईजीएफ सोडतात, त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागातला) आकडा डोळ्याबद्दल फारसे बोलत नाही. अश्रूंवरच्या चाचण्या अजून संशोधनातच आहेत.

तेच पैसे पडद्याचा फोटो आणि गरज पडल्यास ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारे स्कॅन) यांवर घाला. ओसीटीत मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये येते आणि आतली पाण्याची पोकळी काळ्या ठिपक्यासारखी दिसते. जुने फोटो-रिपोर्ट बरोबर न्या, तुलना त्यावरच होते. टाइप २ असेल तर निदान होताच पहिली तपासणी, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, पुढे साधारण दरवर्षी. गरोदरपणात पहिल्या तिमाहीतच. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते, उन्हाने डोळे दिपतात. काळा चष्मा न्या, आणि दुचाकी घरीच ठेवा.