प्रश्न तुमचे : आई नसलेल्या घरात

प्रश्न : पत्नी जाऊन आठ महिने झाले. मुलगा पाच वर्षांचा आहे. 'आई देवाघरी गेली' असं सांगितलंय, पण रोज विचारतो, कधी येणार? मुलगी दहाची. ती रडत नाही, उलट घर सांभाळते. हे ठीक चाललंय का?
— एक वडील, जि. सातारा

उत्तर : धाकट्याचा प्रश्न रास्त आहे. गावाला गेलेली माणसं परत येतात, मग देवाच्या घरी गेलेली आई का येऊ नये? 'झोपली' असं तर कुणीच म्हणू नये. त्यानं मुलं स्वतः झोपायला घाबरतात, नाहीतर बाबाला झोपू देत नाहीत. दिवसाउजेडी जवळ घेऊन थोडक्यात सांगा : 'आई वारली. तिचं शरीर बंद पडलं. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येऊ शकत नाही.' आजाराचं नावही सांगा. नुसतं 'आजारी पडली' म्हटलं तर पुढच्या साध्या तापात तुम्हीही जाल असं त्याला वाटेल. शिवाय त्यानं विचारलं नाही तरी हे सांगाच : 'तू हट्ट केलास, त्रास दिलास म्हणून हे झालेलं नाही.' या वयात मुलं कारण स्वतःत शोधतात आणि बोलून दाखवत नाहीत.

उद्या तो पुन्हा विचारेल. तेव्हाही हेच शब्द वापरा, आणि आजी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांनी तेच वापरावेत. एकानं जरी 'येईल हं' म्हटलं तरी तो पुन्हा वाट बघायला लागतो.

मुलीची आम्हाला जास्त काळजी वाटते. दहाव्या वर्षी ताटं घेणं, कपड्यांच्या घड्या करणं ठीक आहे. पण भावाचं आजारपण काढणं आणि तुमचं मन सांभाळणं हे तिचं काम नाही. 'आता तूच त्याची आई' असं कुणी म्हणालं तर तिच्यासमोरच थांबवा. मग एक कागद घ्या आणि पत्नी करत होती ती सगळी कामं लिहा : डबा, वेणी, उवांची फणी, पालकसभा, दहाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन, तापात रात्री जागणं, रुसवा काढणं. यादी वाटते त्याहून बरीच लांब होते. प्रत्येक कामापुढे एका मोठ्या माणसाचं नाव घाला. ज्या कामापुढे नाव सुचत नाही, ते बहुधा आज मुलगी करते आहे.

ती रडत नाही म्हणून दुःख नाही असं नाही. तिच्यासमोर पत्नीचं नाव घ्या, फोटो उतरवू नका. खाणं, झोप किंवा शाळा कित्येक आठवडे बिघडलेलीच राहिली तर समुपदेशकाकडे न्या. 'मलाही मरायचंय' असं काही बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : नात अकरा वर्षांची, तिला आई नाही. पाळीबद्दल कसं सांगू? आमच्या वेळी कुणी काही सांगितलंच नव्हतं.
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, पाळी यायच्या आधीच सांगा. छाती भरू लागल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, त्यामुळे वेळ हातात असतो. बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं जाईल. एक निकर घ्या, पॅडचा चिकट कागद काढा, पॅड मधोमध चिकटवा, पंख खालून दुमडा. मग तिला स्वतःला करू द्या. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्त कमी असलं तरी. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही. कापड वापरत असाल तर सुती घ्या. ते गार पाण्यात साबणानं धुवा आणि उन्हात वाळवा. लाजेपोटी इतर कपड्यांखाली दडवून वाळवलेलं कापड दमट राहतं आणि त्यातून खाज, जंतुसंसर्ग होतो.

दप्तरात एका पिशवीत दोन पॅड, एक निकर आणि थोडा कागद कायम ठेवा. शाळेत कुठल्या बाईंना सांगायचं हेही ठरवून द्या. पहिली दोनेक वर्षं तारखा मागेपुढे होतात, त्याची भीती नको. मात्र दर तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगा. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून मुली ती फेकून देतात.

आणि तिच्या बाबांना हे सगळं माहीत असू द्या. पॅड आणायला बाबांना सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : पिठोरी अमावस्येला शाळेत मातृदिन करतो. तिसरीतल्या एका मुलाला आई नाही. कार्यक्रम रद्द करावा का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : रद्द करू नका, बाई. तो रद्द का झाला हे वर्गाला कळतंच, आणि सगळे त्याच्याकडे बघतात. आठवडाभर आधी घरी फोन करा, मग त्याला एकट्याला विचारा : आईबद्दल लिहायचंय, आजीबद्दल, की त्या दिवशी मांडामांडीत मदत करायचीय? निवड त्याची. निबंधाला 'माझी आई थोर' असला विषय न देता 'माझी काळजी घेणाऱ्या माणसाचा एक दिवस, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत' असा द्या. आई असलेली मुलंही मग पहिल्यांदा नीट बघतात की डबा आपोआप भरत नाही. खीर-पुरीचं वाण पाठीमागे धरून 'अतीत कोण?' विचारायचं असेल, तर ते आजी, मावशी, बाबा कुणीही विचारू शकतं. 'मी' म्हणायला त्यालाही मिळालं पाहिजे.

प्रश्न : बालसंगोपन योजना फक्त दोन्ही पालक गेलेल्यांनाच का?
— एक मामा, बीड

उत्तर : नाही, आणि या गैरसमजापायी अनेक घरं अर्जच करत नाहीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेलं मूलही बसतं. 2023 पासून रक्कम महिना 2,250 रुपये आहे, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, मुलाचं व पालकाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक तयार ठेवा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव वेगवेगळं लिहिलेलं असेल तर अर्ज अडकतो. माहेरचं-सासरचं नाव हा घोळ बहुतेक घरांत निघतोच, म्हणून आधी ते दुरुस्त करून घ्या.