रोबोट वॉर्समध्ये बीबीसीचा वाटा नेमका किती होता?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या बीबीसीने 'रोबोट वॉर्स'सारखा, लोकांनी बनवलेले रिमोटवरचे रोबोट रिंगणात लढवणारा तोडफोडीचा कार्यक्रम का दाखवला, त्यात तिचं स्वतःचं काम किती होतं, आणि आपल्या दूरदर्शनला असं काही जमलं असतं का. मी इंजिनीअरिंगला असताना फेस्टमधल्या रोबोवॉरमध्ये उतरायचो, तेव्हा थोडा पक्षपात होणारच, तो गृहीत धरून वाचा.

मुळात कल्पना बीबीसीची नव्हे. मार्क थॉर्प नावाचा अमेरिकन, सिनेमासाठी मॉडेलं बनवणारा, जॉर्ज लुकासच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत काम केलेला. घरी रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवायच्या नादात त्याला हे सुचलं आणि १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये त्याने पहिली स्पर्धा भरवली. ती टीव्हीवर आणली ब्रिटनमधल्या मेंटॉर्न या खासगी निर्मिती कंपनीने. ब्रिटनमध्ये १९९० च्या ब्रॉडकास्टिंग कायद्यामुळे बीबीसीला आपल्या कार्यक्रमांपैकी किमान २५ टक्के बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यावे लागत. त्या वाटेने हा कार्यक्रम आत आला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाला. पहिल्या मालिकेचा सूत्रधार होता जेरेमी क्लार्कसन, दुसऱ्यापासून क्रेग चार्ल्स. म्हणजे कागदावर पाहिलं तर बीबीसी फक्त गिऱ्हाईक.

पण हे अर्धंच खरं आहे. हा कार्यक्रम पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला आधी आठवतात ते 'हाउस रोबोट', म्हणजे कार्यक्रमाचे स्वतःचे रोबोट. कोपऱ्यात दबा धरून बसलेले, स्पर्धक आपल्या हद्दीत आला की त्याला धुणारे. सुळे वर करणारी माटिल्डा, कुऱ्हाड घालणारा शंट, गोल करवतीचा डेड मेटल, आग ओकणारा सार्जंट बॅश. आणि दुसऱ्या मालिकेत आलेला सर किलालॉट: पट्ट्यांवर चालणारं अर्ध्या टनाच्या आसपासचं धूड, एका हातात हायड्रॉलिक पकड, दुसऱ्या हातात भाला. ही सगळी मंडळी बांधली बीबीसीच्या स्वतःच्या व्हिज्युअल इफेक्ट्स विभागाने, म्हणजे 'डॉक्टर हू' या विज्ञानकथेच्या मालिकेतला के-नाइन हा यांत्रिक कुत्रा ज्यांनी बनवला त्या खात्याने. दशकानुदशकं पगारावर ठेवलेले कारागीर, त्यांचं वर्कशॉप, त्यांचा हात बसलेला. खोटी आग, खोटे स्फोट, खोटे राक्षस करण्यात आयुष्य गेलेल्या लोकांना पहिल्यांदा सांगितलं गेलं की या वेळी यंत्र खरोखर चालायला हवं आणि मार खाऊनही चालत राहायला हवं. ज्याने रबराच्या मुखवट्याखाली मोटर बसवली आहे त्यालाच कळतं की माटिल्डाला डोळे का हवेत. कॉलेजातल्या आमच्या रोबोंना ते कधी सुचलं नाही. आमचे सगळे साध्या पोलादी पत्र्याचे पाचरे, वायपर मोटर लावलेले, एकासारखे एक.

दुसरा वाटा वेळेचा. शुक्रवारी संध्याकाळी, पोरं शाळेतून येऊन खायला बसलेली असताना, जाहिरातींशिवाय. बीबीसीच्या घरगुती वाहिन्यांवर जाहिरात आणि प्रायोजक दोन्ही चालत नाहीत; खर्च भागतो तो घरटी भरायच्या लायसन्स फीमधून. त्यामुळे बिस्किटवाल्याला किंवा बॅटरीवाल्याला खूश ठेवायची गरज नव्हती. खाजगी चॅनलने हाच कार्यक्रम रात्री उशिरा, थोड्या वाह्यात पद्धतीने विकला असता. अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' हा असाच कार्यक्रम २००० मध्ये कॉमेडी सेंट्रलवर आला तो साधारण त्याच वळणाने. बीबीसीने तो घरातल्या सगळ्यांसाठी केला, आणि त्याचा परिणाम स्पर्धकांतही दिसतो.

पहिल्या मालिकेचा विजेता रोबोट रोडब्लॉक हा कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन इथल्या शाळेच्या टीमचा. दुसऱ्या मालिकेत रेक्स गॅरॉडचा कॅसियस आला. गॅरॉड हे टीव्हीसाठी यांत्रिक वस्तू बनवणारे गृहस्थ, मुलांच्या कार्यक्रमातली ब्रम ही छोटी गाडी त्यांचीच. तोवर रोबोट उलटा पडला की खेळ खलास, ही ठरलेली गोष्ट. कॅसियस पाठीवर पडला, लोकांनी धरून चाललं की संपलं, आणि त्याने आपला फ्लिपर, म्हणजे समोरच्याला उलटवायचा उचलता हात, जमिनीवर दाबून स्वतःला सरळ केलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक टीमला 'उलटं पडल्यावर काय?' याचं उत्तर घेऊनच यावं लागलं. पुढे केऑस टू या रोबोटने दाबलेल्या कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या फ्लिपरने प्रतिस्पर्ध्याला थेट रिंगणाच्या भिंतीबाहेर फेकायला सुरुवात केली आणि तिसरी, चौथी अशा लागोपाठ दोन मालिका जिंकल्या. न्यूमॅटिक्सवर वर्गात चार लेक्चरं ऐकून जे डोक्यात शिरत नाही ते त्या अर्ध्या सेकंदात शिरतं. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे 'हिंसा की शिक्षण' या वादाचं उत्तर इथेच आहे. पत्रा फाटतो, माणसाला ओरखडा येत नाही, आणि हरलेला माणूस टेबलावर रोबोट उघडून कुठली वायर निसटली ते कॅमेऱ्यासमोर दाखवतो.

यात एक गंमत आहे. कार्यक्रमाचे ओळखीचे परीक्षक प्रोफेसर नोएल शार्की हे शेफील्ड विद्यापीठात रोबोटिक्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राध्यापक होते. आक्रमकतेला गुण देणारा हा माणूस पुढे स्वतःहून माणसं मारणाऱ्या शस्त्रांवर बंदी यावी म्हणून जगभर बोलत फिरला. २००९ मध्ये त्यासाठी उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या संस्थापकांपैकी तो एक.

आता वाईट भाग. २००३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम सोडला, तो एका मालिकेपुरता चॅनल फाइव्हवर गेला आणि बंद पडला. त्याच वर्षी बीबीसीने आपला व्हिज्युअल इफेक्ट्स विभागही गुंडाळला. २०१६ मध्ये डारा ओब्रियनला सूत्रधार म्हणून घेऊन कार्यक्रम बीबीसी टूवर परतला, ग्लासगोत चित्रण, वजनाची मर्यादा ११० किलो, लढत तीन मिनिटांची. परीक्षकांत शार्कींबरोबर एडिंबरा विद्यापीठाचे सेतू विजयकुमार आणि लूसी रॉजर्स. इंजिनीअरिंग म्हणून ही आवृत्ती कितीतरी वरची; कार्बाइड या रोबोटचं फिरतं पातं समोरच्याचं काय करायचं ते एकदा पाहाच. पण हाउस रोबोट या वेळी बाहेरच्या रोबो चॅलेंज कंपनीकडून बांधून घेतले, कारण बीबीसीकडे बांधणारे हातच उरले नव्हते. पहिल्या वेळी बीबीसी धंद्यातली भागीदार होती, दुसऱ्या वेळी गाळा भाड्याने देणारी मालकीण. २०१८ मध्ये गाळा रिकामा करून घेतला, म्हणजे कार्यक्रम बंद केला, आणि तिला त्यात स्वतःचं काही गमवावं लागलं नाही, म्हणून ते सोपंही गेलं.

दूरदर्शनचं म्हणाल तर तिच्यापुढे नमुना वेगळा होता, जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा. एनएचकेने १९८८ पासून रोबोकॉन ही रोबोटची स्पर्धा चालवली. तिथे मारामारी नाही, पण खेळाचे नियम प्रसारक स्वतः रचतो, दर वर्षी नवे. २००२ पासून तिच्या धर्तीवर आशिया-पॅसिफिकची स्पर्धाही सुरू झाली. यजमान देशाची प्रसारण संस्था खेळ ठरवते. २००८ ला पाळी दूरदर्शनची आली, ठिकाण पुणे, आणि खेळ कोणता, तर गोविंदा! उंचावरच्या मडक्यांतलं लोणी रोबोटनी काढायचं. जिंकले चीनचे शिआन जिआओतोंग विद्यापीठवाले. २०१४ ला पुन्हा पुण्यात: आई-बापाच्या भूमिकेतला रोबोट बाळ-रोबोटला सी-सॉवर, झोपाळ्यावर खेळवतो. त्यासाठीची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षं बालेवाडीत व्हायची आणि त्या दिवसांत बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) मागायला गेलं की 'रोबोकॉनवाले का?' असं विचारत.

म्हणजे नियम रचणं, हे प्रसारकाचं सगळ्यात अवघड काम, ते दूरदर्शनने केलं आणि दहीहंडीइतकं आपलं केलं. राहिलं ते दर आठवड्याला येणाऱ्या मालिकेचं: त्याच टीमा, त्यांची भांडणं, मागच्या वेळी जळालेली मोटर या वेळी टिकली का. वर्षातून एकदा दाखवलेल्या स्पर्धेत हे होत नाही, कारण प्रेक्षकाची कुणाशी ओळखच होत नाही. आज आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉरच्या लढती यूट्यूबवर सापडतात, दणकेबाजही असतात, पण कुणाच्याही घरी जेवताना लावलेल्या नसतात.

पाहायचंच असेल तर दुसऱ्या मालिकेपासून सुरू करा, पहिलीत बरेच रोबोट नुसते रांगतात. मग केऑस टूसाठी तिसरी, आणि तिथून थेट २०१६.